सकाळचं फिरणं सोडू नका, बाई

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमधून, म्हणजे वसाहतीतून, एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"माझं वय 69. 31 वर्षं शाळेत शिकवलं. यजमान जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. रोज पहाटे पाचला मी आणि समोरच्या घरच्या वहिनी फिरायला निघतो. होळीच्या आठवड्यात मला ताप होता म्हणून त्या एकट्याच गेल्या. बगिच्याच्या अलीकडे मोटरसायकलवरून दोघं आले, मागे बसलेल्याने गळ्यातली पोत ओढली. अर्धी त्याच्या हातात गेली, अर्धी वहिनींच्या पदरात अडकून राहिली. त्या पडल्या, मनगट मोडलं, मानेवर वळ उठला. ठाण्यात गेलो तर समोर बसलेला शिपाई म्हणाला, 'आजी, सोनं घालून कायले फिरता?' पुढच्या आठवड्यात दोन पोलीस घरी आले. ज्येष्ठ नागरिकांच्या रजिस्टरवर माझी सही घेतली, माझ्यासोबत फोटो काढला आणि गेले. आता लेआउटमधली मुलं 'पोलीस मित्र' म्हणून गस्त घालणार म्हणतात. ग्रुपवर एका भंगारवाल्याचा फोटो फिरतो आहे, 'हाच रेकी करत होता' म्हणून. मुलगा म्हणतो, फिरणं बंद कर, सोनं लॉकरमध्ये टाक, घर विकून पुण्याला ये. हे झालेलं मी त्याला सांगितलंच नव्हतं, शेजारच्यांनी सांगितलं, म्हणून तो जास्तच चिडला. महिना झाला, मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. काय करू?"

बाई,

इतकी वर्षं सगळी पोरं ज्यांना बाई म्हणायची, त्यांना मी ताई-काकू म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून बाईच म्हणते.

तुम्ही चार-पाच गोष्टी विचारल्या आहेत, पण मी अडकले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी. 'मुलाला सांगितलंच नव्हतं.' हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे.

आमची आई नागपूरच्या महाल भागात राहायची. बारा-तेरा वर्षांपूर्वी बडकस चौकाकडून भाजी घेऊन येत असताना दोघांनी तिला थांबवलं. कडक इस्त्रीचे कपडे, बारीक कापलेले केस, एकाच्या हातात वायरलेससारखं काहीतरी. 'आजी, पुढे साहेब उभे आहेत, चेकिंग सुरू आहे. काल इथेच एका बाईला चाकू मारला. पाटल्या काढून रुमालात बांधून ठेवा.' तेवढ्यात तिसरा एक 'वाटसरू' आला. त्यालाही त्यांनी दरडावलं, त्याने निमूटपणे गळ्यातली चेन काढून दिली, त्यांनी ती कागदात गुंडाळून त्याच्या खिशात ठेवली. झालं, आईचा विश्वास बसला. तिच्याच रुमालात पाटल्या बांधल्या, गाठ मारली आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली नीट सरकवून दिल्या. 'घरी गेल्यावरच सोडा हं आजी, रस्त्यात नको.' गाठ इतकी घट्ट होती की आईने घरी येऊन ती दातांनी सोडवली. आत दोन काचेच्या बांगड्या होत्या आणि वजनाला एक चपटा दगड.

हे तिने आम्हाला सांगितलं नवव्या दिवशी. तोवर बहिणीने दोनदा विचारलं होतं, पाटल्या कुठे आहेत म्हणून. 'रिठ्याच्या पाण्यात टाकल्यात' असं उत्तर मिळालं. आम्हाला कळल्यावर ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कपाळाला हात लावला, कारण चौकातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तेवढ्या जुन्या दिवसाचं काही उरलेलं नव्हतं. नंतर एकदा आईला विचारलं, का गं लपवलंस? तर म्हणाली, 'तुम्ही मला एकटीला बाहेर जाऊ दिलं नसतं.'

आणि खरंच नसतं जाऊ दिलं. पाटल्या त्या तिघांनी नेल्या हे खरं, पण पळून जायला नऊ दिवसांची सवड त्यांना आम्ही मुलांनी दिली. म्हाताऱ्या माणसाला चोरापेक्षा पोटच्या पोरांच्या हुकमाची भीती जास्त वाटत असेल, तर पोलिसांपर्यंत खबर जायची कशी? तुमच्या लेआउटमध्ये असं आणखी कुणाकुणाचं झालं असेल आणि कपाटात दडवून ठेवलं असेल, कुणास ठाऊक. होळीनंतर फाटक लावून बसण्यापेक्षा लेआउटच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत उभ्या राहा आणि हे मोकळेपणाने विचारा. पहिला हात वर यायला वेळ लागेल. नंतरचे पटापट येतील.

आता फिरण्याचं. ते सोडायचं नाही, फक्त वेळ आणि वाट बदलायची. पाच हा आकडा तुम्हाला कुणी लावून दिला? उन्हाळ्यात नागपुरात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत तर पावणेसातपर्यंत नीट उजाडलेलं नसतं. घड्याळाप्रमाणे चालू नका, उजेडाप्रमाणे चाला. पेपरवाला आणि दूधवाला गल्लीत शिरले की मग निघा. रिंग रोडला लागणारा रुंद, सरळ रस्ता पायांना बरा वाटतो, पण गाडीवरच्यालाही तोच बरा वाटतो. एक हिसका, एक वळण आणि तो पार. आतल्या गल्ल्या धरा, जिथे चार घरी सडा पडत असतो. आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळची गाडी समोरून येते. हे लोक सहसा मागून येतात. समोरून येणारा दिसतो, आणि आपल्याला तो दिसला हे त्यालाही कळतं.

आपल्या गावाची एक अडचण मात्र इतरांना कळत नाही. मार्च सरला की इथे प्रत्येक दुचाकीवाल्याचं तोंड बांधलेलं. दुपट्टा, रुमाल, स्कार्फ, वर गॉगल. कॉलेजच्या पोरीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे सारखेच दरोडेखोर दिसतात! म्हणून 'तोंड बांधलेला माणूस दिसला की सावध व्हा' हा पुण्या-मुंबईचा सल्ला आपल्याकडे जूनपर्यंत बिनकामाचा आहे. चेहऱ्यापेक्षा गाडीची चाल बघा. तीच गाडी दुसऱ्यांदा हळू होऊन शेजारून गेली, मागचा बसलेला मान वळवून गळ्याकडे बघतो आहे असं वाटलं, तर सरळ जवळच्या फाटकाची कडी वाजवा. घर ओळखीचं नसलं तरी चालेल. शंका खोटी निघाली तर पाणी पिऊन निघायचं.

सोन्याबद्दल मी तुमच्या मुलाच्या अर्ध्या बाजूने आहे. दोन-तीन तोळ्यांची पोत पहाटे घालू नये, हे खरंच. पण वहिनींच्या गळ्यात ती चाळीस वर्षांपासून असेल. ती काढून ठेव असं कुणी परक्याने सांगावं, यात काय दुखतं हे मला कळतं. काळ्या मण्यांची साधी पोत, एखादा सोन्याचा मणी असलेली, सकाळपुरती घालता येते. पदरात लपवणं किंवा पिन लावून घट्ट करणं मात्र मुळीच नको. पिन लावलेला दागिना तुटत नाही आणि बाई फरफटते. वहिनींची पोत तुटली म्हणून मनगटावर भागलं, असं मी तरी म्हणेन. हिसका बसला की धरून ठेवायचं नाही. जाऊ द्यायचं.

मग लगेच 112. वहिनींना घेऊन घरी या, चहा पाजा, मुलांना विचारा, मग ठाण्यात जा, या क्रमात पाऊण तास जातो आणि गाडी तोवर कामठीच्या पुढे असते. 112 चे फोन घेणारी मुख्य जागा नवी मुंबईत आहे, दुसरी आपल्या नागपुरात. तेव्हा 'बगिच्याजवळून बोलते' म्हणून भागणार नाही. आधी नागपूर, मग मानेवाडा, मग लेआउटचं नाव, जवळचं देऊळ किंवा किराणा दुकान. गाडीचा नंबर दिसला नाही म्हणून हळहळू नका, तो बहुतेक वेळा खोटाच असतो किंवा गाडीच चोरीची असते. गाडी कुठल्या बाजूला गेली आणि घड्याळात किती वाजले होते, हे दोन सांगितलंत तर चौकाचौकातले कॅमेरे त्या क्रमाने बघता येतात.

वहिनींच्या तक्रारीचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून जरा खोलात जाते. पोलिसांनी तुम्हाला काय कागद दिला तो काढून बघा. त्यावर 'गहाळ' असा शब्द असेल तर उद्याच परत जा. छत्री गहाळ होते. गळ्यातून ओढलेली पोत गहाळ होत नाही. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 304 कलमात हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा केला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि चोरी करताना दुखापत केली तर ती जबरी चोरी, कलम 309, तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही होऊ शकते. वहिनींचं मनगट मोडलं आहे. ज्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं त्यांचे कागद आणि एक्स-रे तक्रारीसोबत लागलेच पाहिजेत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती देणं त्यांचं कामच आहे. आणि जबाबासाठी वहिनींना मोडक्या हाताने ठाण्यात बसवून ठेवायचं कारण नाही. साक्षीदार बाई असेल, किंवा पुरुष 60 च्या वरचा असेल, तर जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं असतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 179 कलम तेच सांगतं. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी हे वय 65 होतं.

पदरात राहिलेली अर्धी पोत जपून ठेवा. मोडीत घालू नका, सांधून आणू नका. चोर पकडले गेले आणि सराफाकडून दुसरी अर्धी निघाली, तर दोन्ही तुकडे जुळणं याहून मोठा पुरावा नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या सोन्याची पावती कुणाकडे असते? नातवाच्या बारशाचा, मुलीच्या लग्नाचा एखादा फोटो शोधा ज्यात पोत स्पष्ट दिसते. माल मिळाला तरी तो लगेच हातात येत नाही. मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टाच्या हुकमाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशी लेखी हमी देऊन, सोडवावा लागतो. त्या वेळी हाच फोटो कामी येतो.

'सोनं घालून कायले फिरता' म्हणणाऱ्या शिपायाबद्दल तुम्हाला राग आहे, तो मलाही आला. घर फुटलं तर कुणी म्हणतं का, घर कायले बांधलं? पण त्या एका वाक्यावर सगळं पोलीस खातं मोजू नका. त्या रजिस्टरचं बघू या, कारण माझ्या मते तुमच्या हातातलं सगळ्यात कामाचं हत्यार तेच आहे आणि तुम्ही ते फोटोसोबत सोडून दिलं.

ते रजिस्टर म्हणजे पोलिसांनी हौसेने काढलेली टूम नव्हे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा आहे, त्याखाली महाराष्ट्राने 2010 मध्ये नियम केले. प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, विशेषतः एकटे राहणाऱ्यांची. महिन्यातून निदान एकदा ठाण्याचा माणूस, जमेल तिथे एखाद्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन, त्यांना भेटून यायचा. घरकाम करणाऱ्यांची माहिती तपासून मागितली तर ती लवकर तपासून द्यायची. ठाण्यागणिक स्वयंसेवकांची समिती असायची. म्हणजे शेजारी, मंडळं आणि पोलीस यांनी मिळून हे काम करायचं, असं कागदावर आधीच लिहून ठेवलेलं आहे. तुमची सही त्या यादीतली आहे. आता महिन्याला भेट मागायचा हक्क तुमचा.

पण भेट म्हणजे फोटो नव्हे. पुढच्या वेळी ते आले की चहा ठेवा आणि बाई म्हणून वर्ग घेतात तसा त्यांचा दहा मिनिटं वर्ग घ्या. आमच्या बीटचा, म्हणजे आमच्या भागाचा, हवालदार कोण? त्याचा नंबर या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. चार्लीची, म्हणजे पोलिसांच्या मोटरसायकल गस्तीची, गाडी आमच्या गल्लीतून किती वाजता जाते, आणि ती वेळ साडेपाच-सहाला आणता येईल का? बगिच्यासमोरचा पथदिवा बंद आहे, हा खांबाचा नंबर, महापालिकेला मी कळवलं आहे, तुम्हीही ठाणेदारांच्या सहीने कळवा. माझी दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडे असते, माझ्या मुलाचा नंबर हा, मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, हे तुमच्या रजिस्टरात लिहा. जो शिपाई हे लिहून घेईल, तो पुढच्या वेळी गल्लीतून जाताना तुमच्या खिडकीकडे बघितल्याशिवाय जाणार नाही. त्याला तुमचं घर ठाऊक झालेलं असेल.

ही नुसती माझी भाबडी आशा नाही. 1988 मध्ये भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यात त्या त्या भागातली माणसं आणि त्यांच्याच बीटचे पोलीस नियमाने एकत्र बसायचे. 1984 ला दंगलीत जळलेली भिवंडी 1992-93 ला मुंबई पेटलेली असताना शांत राहिली. दंगल कुठे आणि सोनसाखळी कुठे, हे कबूल. पण दोन्हीकडे पोलिसाला आपला माणूस नावाने ठाऊक असणं हेच कामी येतं.

आणि तुमच्या गल्लीत पोलिसाइतकेच कामाचे दोन-चार लोक आधीच आहेत. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दिवसभर तिथेच उभा असतो, कोणाच्या घरी कोण आलं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. दूधवाला, पेपरवाला, झाडूवाली ताई, रोज त्याच कडुनिंबाखाली उभा राहणारा ऑटोवाला. यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये हवेत आणि तुमचा नंबर त्यांच्या. पेपर दोन दिवस फाटकात तसाच पडलेला दिसला तर बेल वाजव रे बाबा, एवढं पेपरवाल्याला सांगून ठेवा. तुमच्या मंडळात सकाळी आठला एकमेकींना मिस्ड कॉल द्यायची साखळी सुरू करा. ज्या घरून मिस्ड कॉल आला नाही, तिथे शेजारणीने जाऊन बघायचं. पैसा लागत नाही, अॅप लागत नाही. मे महिन्यात तर हे फारच गरजेचं, कारण कूलर सुरू असला की आपल्याला दार वाजलेलंही ऐकू येत नाही. बाय द वे, कूलर ज्या खिडकीत बसवला आहे तिथे आतून लोखंडी जाळी आहे ना? कूलर सरकवला की आख्खा माणूस आत येईल अशा खिडक्या आपल्याकडे घराघरांत आहेत.

आता पोलीस मित्र. मुलं गस्त घालणार ही चांगलीच गोष्ट, पण अटी घालून. मुलांची नावं ठाण्यात दिलेली असावीत, ओळखपत्र ठाण्याचं असावं, आणि काम एवढंच की बघायचं आणि कळवायचं. कुणाला अडवायचं नाही, कुणाची पिशवी तपासायची नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. खर्रा तोंडात धरून रात्री अकराला कट्ट्यावर बसणं म्हणजे गस्त नव्हे, हेही एकदा तुमच्या बाईच्या आवाजात सांगून टाका.

भंगारवाल्याचा तो फोटो ग्रुपवरून आजच काढायला लावा. ज्याने टाकला त्याला विचारा, तुला कशावरून वाटलं? तो प्रत्येक फाटकासमोर थांबून आत बघतो म्हणून? अहो, भंगारवाला फाटकात बघणार नाही तर काय आभाळात बघेल? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसं होती, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढी एक अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्या गावातल्या लोकांनाही आपण गावाचं राखण करतो आहोत असंच वाटत होतं. खरी शंका असेल तर ती बीट हवालदाराच्या नंबरवर जाऊ द्या, ग्रुपवर नको. आणि पोत नेणारे गाडीवरून आले होते, हातगाडीवरून नाही.

तोतया पोलिसांबद्दल आईची गोष्ट सांगितलीच आहे, तेवढीच पुढे पाठवा. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाही, गणवेशात असला तरी. भांडी-दागिने उजळून देणारे, 'शेठच्या घरी नातू झाला, म्हाताऱ्यांना साड्या वाटतायत, पण गरीब दिसायला हवं, तेवढ्या बांगड्या काढा' म्हणणारे, हे सगळे त्याच घराण्यातले. फोनवर येऊन 'तुम्हाला डिजिटल अटक केली' म्हणणाराही त्यांचाच चुलतभाऊ, अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. घाईचं काही नसेल, नुसती माहिती हवी असेल किंवा बोलायला कुणी हवं असेल, तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते. आणि तुमच्या मंडळात कुणाला घरच्याच माणसाचा त्रास असेल, तर नागपूर पोलिसांचा भरोसा सेल महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीच आहे, हे कुजबुजून नाही, मोठ्याने सांगा.

इथून पुढचं तुमच्या चिरंजीवांसाठी आहे. त्यांना पाठवून द्या.

बाळा, तुझी काळजी खरी आहे, पुण्यात बसून रात्रीची झोप उडते हेही कळतं. पण तुझ्या आईचे गुडघे, साखर आणि मन या तिन्हींचं औषध ते पाऊण तासाचं फिरणं आहे. ते बंद केलंस तर चोराने नेलं नाही ते तू नेलंस असं होईल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला ओळखणारा इस्त्रीवाला कुठे आहे? घर विकायचं की नाही हा तिचा प्रश्न आहे, ती हात मोडल्याच्या बातमीवर ठरवायची गोष्ट नाही. तुला काही करायचंच असेल तर हे कर. बीट हवालदाराला तू स्वतः फोन करून ओळख दे, 'मी अमक्यांचा मुलगा' म्हणून. फाटकावर चांगला दिवा आणि दाराला साखळी बसवायला या सुट्टीत दोन दिवस ये. आणि आईला एकदा सांग की काहीही घडलं, अगदी तिच्या चुकीनेही घडलं, तरी तू आधी विचारशील 'लागलं तर नाही ना?' आणि फिरायला जाऊ नकोस असं म्हणणार नाहीस. हे वाक्य आमच्या आईला आम्ही वेळेवर म्हणालो नाही.

बाई, महिनाभर बंद असलेलं फाटक एकदम बगिच्यापर्यंत नेत नाही, मला ठाऊक आहे. वहिनींचं प्लास्टर निघायला अजून वेळ असेल, पण त्यांचे पाय धडधाकट आहेत. उद्या उजाडल्यावर दोघी फक्त इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत जा. एखादी साडी सोबत घ्या, म्हणजे कामाला गेल्यासारखं वाटेल. त्याला सांगा काय झालं ते, नंबर घ्या, परत या. परवा त्याच्या पुढच्या वळणापर्यंत. ज्या दिवशी बगिच्यात पोचाल त्या दिवशी मुलाला तिथूनच फोन लावा, आणि हास्यक्लबवाल्यांच्या अगदी जवळ उभ्या राहून बोला.